आवाज मागे पडतो, बांगड्या वाजतात: महोत्सवाला निघालेल्या चित्रपटांचे प्रश्न

या महिन्यातली बहुतेक पत्रं पडद्यामागे राबणाऱ्यांची आहेत. छोट्या बजेटच्या चित्रपटात एकाच माणसाकडे दोन-तीन खाती असतात आणि विचारायला वरिष्ठ कुणी नसतं, म्हणून काही उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

प्रश्न: मी ८८ मिनिटांच्या एका मराठी चित्रपटाचा सहायक संकलक आहे. लॅपटॉपवर सगळं सिंकमध्ये आहे. डीसीपी (थिएटरात चालवायची चित्रपटाची डिजिटल प्रत) थिएटरात लावली, तर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण पुढे आवाज मागे पडत जातो. शेवटी तर माणूस बोलून निघून जातो आणि मग वाक्य ऐकू येतं. पाठवायला बारा दिवस उरलेत. चूक कुठे शोधू? (सांगली)

उत्तर: फरक सगळीकडे सारखा असता, तर आवाजाची फाइल काही फ्रेम पुढेमागे बसली असं म्हणता आलं असतं. ती सरकवली की काम झालं. तुमच्याकडे फरक वाढत जातोय, म्हणजे चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वेगाने चालताहेत. हे बहुधा २३.९७६ आणि २४ चं प्रकरण आहे. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांच्या मेन्यूत '२४पी' लिहिलेलं असतं, पण कॅमेरा सेकंदाला २३.९७६ फ्रेम घेतो. डीसीपी मात्र पूर्ण २४ वर चालते. फ्रेम तशाच २४ ला बांधल्या आणि मिक्सची (एकत्र केलेल्या अंतिम आवाजाची) फाइल न बदलता जोडली, की चित्र आवाजापेक्षा हजारातला एक भाग लवकर संपतं. ८८ मिनिटं म्हणजे ५,२८० सेकंद. त्याचा हजारावा भाग सव्वापाच सेकंदांच्या वर जातो. शेवटच्या प्रसंगातला फरक मोजा. एवढाच निघाला तर निदान पक्कं.

आता उपाय. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रीटाइम करून २३.९७६ चं २४ करायला जाऊ नका. तसं केलं तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा येते आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरतो अशा शॉटमध्ये तो झटका मोठ्या पडद्यावर दिसतो. फ्रेम तेवढ्याच ठेवा, त्या २४ च्या वेगाने चालवा आणि आवाज ०.१ टक्का वेगवान करून पुन्हा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या फाइल काढा. स्वर इतका किंचित चढतो की गाण्यातही कानाला कळत नाही. हे ज्या स्टुडिओने मिक्स केलं त्यांच्याकडूनच करून घ्या, आवाजाचे सहाही चॅनल एकदम. डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घरीही जमतं, पण सुटी ध्वनीफाइल आणि सबटायटलची एसआरटी फाइल कोणत्या वेगाच्या चित्रावर तयार झाली होती हे त्याला आपण सांगावं लागतं. सबटायटलचं बरेच जण विसरतात. मग आवाज जुळतो आणि इंग्रजी ओळी मागे राहतात.

स्टुडिओकडून फाइल घेताना टू-पॉप मागा: चित्राच्या पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एक फ्रेम लांबीचा १ किलोहर्ट्झचा बीप, आणि शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी तसाच दुसरा. दोन्ही बीप आपापल्या फ्रेमवर पडले, तर मधे वेग बदललेला नाही. आणि थिएटरातल्या चाचणीत पहिली दहा मिनिटं बघून उठू नका. शेवटची दहा बघा, अशी चूक तिथेच उघडी पडते.

प्रश्न: आमच्याकडे वेगळा डीआयटी (सेटवर फुटेज सांभाळणारा तंत्रज्ञ) नाही, रोजचं फुटेज मीच उतरवून घेतो. २० दिवसांच्या शूटला किती जागा लागेल? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: कोडेक (फुटेज कोणत्या प्रकारात साठवता ते) कळवला नाहीत, म्हणून नेहमीचं उदाहरण घेऊ. यूएचडी चित्र, प्रोरेस ४२२ एचक्यू कोडेक, सेकंदाला २४ फ्रेम, यात तासाला साधारण ३१८ जीबी होतात. रोज दोन तासांचं फुटेज धरलं तर २० दिवसांत पावणेतेरा टीबी. प्रती तीन हव्यात, त्यातली एक रोज रात्री दुसऱ्या जागी गेली पाहिजे. सगळं फुटेज एकाच खोलीत ठेवणं आम्हाला मान्य नाही.

साध्या कॉपी-पेस्टवर विसंबू नका, ते उतरलेली फाइल मुळाशी ताडून बघत नाही. चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) तपासणारं सॉफ्टवेअरच वापरा. कार्डातली फोल्डरची रचना आणि नावं बदलू नका. दोन पडताळलेल्या प्रती होईपर्यंत कार्डावर लाल टेप राहील, आणि फॉरमॅट करायचं ते एकाच ठरलेल्या माणसाने, कॅमेऱ्यातच.

प्रश्न: कोकणातल्या कौलारू घरात सिंक साउंडवर, म्हणजे सेटवरच आवाज मुद्रित करून, शूट आहे. नायिका नऊवारीत, हातभर काचेच्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. बूम (काठीवरचा माइक) आणि लेपल (कपड्याला लावायचा छोटा माइक) दोन्ही माझ्याकडे आहेत. डबिंगला पैसे नाहीत. आवाज स्वच्छ कसा घेऊ? (पनवेल)

उत्तर: मग वेशभूषेच्या बैठकीला तुम्ही हजर असायला हवं. नवं, खळ असलेलं लुगडं करकरतं. ते दोन-तीनदा धुऊन मऊ करून मागा. लेपल ब्लाउजच्या गळ्याच्या काठाआड, मंगळसूत्राच्या वाट्यांपासून लांब लावा. टेपचे दोन छोटे त्रिकोण करा, चिकट बाजू बाहेर, आणि माइक त्यांच्यामध्ये ठेवा. कापड दोन्हीकडून चिकटून राहतं आणि माइकवर घासत नाही. माइकच्या खाली वायरचा एक वळसा टेपने धरून ठेवा, म्हणजे हालचालीचा ताण माइकपर्यंत पोचत नाही. ट्रान्समीटर पाठीमागे नको, कासोट्यावर बसताना तो टोचतो. कमरेच्या बाजूला कापडी पट्ट्यात बसवा.

बांगड्यांच्या जागी प्लास्टिकच्या घालू नका, क्लोजअपमध्ये ओळखू येतात. चार-चारचे गट करून मनगटाच्या आतल्या बाजूने पारदर्शक टेप लावा. किणकिण हवीच असेल, तर शॉट संपल्यावर ती वाइल्ड ट्रॅक (चित्राशिवाय घेतलेला आवाज) म्हणून वेगळी घ्या. मग मिक्समध्ये हवी तिथे, हवी तेवढी ठेवता येते.

पण सगळ्यात जास्त नुकसान रातकिडे करतात. प्रसंग चारला सुरू झाला आणि सातपर्यंत लांबला, तर नायिकेचा क्लोजअप शांत आणि समोरच्याचा किर्रर्र, आणि प्रत्येक कटला आवाज उडी मारतो. एका संवादाचे समोरासमोरचे क्लोजअप लागोपाठ घ्यायला सहायक दिग्दर्शकाला आधीच पटवा. मास्टर शॉट (सगळा प्रसंग एकत्र दाखवणारा) थांबू शकतो.

फ्रिज, पंप, इन्व्हर्टर बंद. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरता येत नाही. बूम चौकटीबाहेर, तोंडापासून दीड-दोन फुटांवर. रेकॉर्डरच्या मीटरवर संवादाची सरासरी उणे २० डीबीच्या आसपास आणि शिखरं उणे १० च्या खाली ठेवा. जागा बदलण्याआधी सगळे जागच्या जागी, दिवे तसेच चालू, आणि ६० सेकंदांचा रूम टोन (कुणी न बोलता घेतलेला त्या जागेचा आवाज). युनिटला घाई असते, तरी तो सोडू नका. संकलनात दोन वाक्यांमधली पोकळी त्यानेच भरते.

प्रश्न: आजी चुलीपाशी तुकोबांचा अभंग गुणगुणते, मागे रेडिओवर जुनं भावगीत आहे. फक्त महोत्सवात दाखवायचं तर परवानगी लागते का? (नाशिक)

उत्तर: लागते. अभंगाचे शब्द मोकळे आहेत, पण चाल एखाद्या संगीतकाराची असेल तर तिच्यावर त्याच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क असतो. भजनी मंडळातली पारंपरिक चाल घ्या. रेडिओवरच्या गाण्यात हक्क दोन ठिकाणी असतात: शब्द-चालीचे आणि त्या ध्वनिमुद्रणाचे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणून १९५८ च्या तबकडीचं मुद्रण मोकळं झालं असेल, पण गीतकार-संगीतकारांचे हक्क चालू असू शकतात. फक्त महोत्सवापुरता परवाना मागता येतो. मात्र पुढे थिएटर आणि ओटीटीसाठी किती रक्कम पडेल तेही त्याच करारात लिहून घ्या, नंतर विचारलं तर भाव वाढलेला असतो.

शूटला रेडिओ खरोखर लावू नका. गाणं संवादात मिसळलं की परवानगी नाकारली गेली तरी बदलता येत नाही.

प्रश्न: सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय भारतातल्या महोत्सवात चित्रपट दाखवता येतो का? आणि आधी गावात एक खेळ केला तर चालेल? (कुडाळ)

उत्तर: महोत्सव माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात, तिच्याखाली प्रमाणपत्राविना दाखवता येतो. ती सूट त्या महोत्सवापुरतीच असते. चित्रपटात बैल, कोंबडी, कुत्रा काहीही असेल, तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधीच काढा, पुढे प्रमाणपत्र घेताना ती लागते.

गावातला खेळ थांबवा. व्हेनिस महोत्सवाच्या स्पर्धेला जागतिक प्रीमियर लागतो, म्हणजे जगातला पहिला खेळ तिथेच व्हावा लागतो. इतर महोत्सवांच्या अटी वेगवेगळ्या आहेत, त्या अर्ज भरण्याआधी वाचा. कलाकार आणि युनिटला बंद दाराआड, तिकीट न लावता दाखवायला सहसा हरकत नसते. पोस्टर लावून, वर्तमानपत्रात बातमी देऊन केलेला खेळ मात्र सार्वजनिक धरला जातो.