हे जॅझ नाहीच का?

प्रश्न : आर्मस्ट्राँग, एलिंग्टन असे जुने जॅझ कलावंत ऐकत आलेल्या आम्हाला तरुण मुलं आजचा पियानोवादक रॉबर्ट ग्लास्पर ऐकवतात आणि वर ‘हे जॅझ नव्हे’ असंही सांगतात. मग फरक ओळखायचा कसा? आणि स्विंगमध्ये, म्हणजे जुन्या जॅझच्या झुलत्या ठेक्यात, मुरलेले वादक हे वाजवू लागले की ठेका लंगडा का पडतो?

उत्तर : नावाचा वाद वादकांनीच काढलेला आहे. न्यू ऑर्लिन्सचा ट्रम्पेटवादक निकोलस पेटन याने २०११ मध्ये ‘जॅझ’ हा शब्द सोडून ‘ब्लॅक अमेरिकन म्युझिक’ म्हणा, असा आग्रह धरला. तुमच्या एलिंग्टनलाही तो शब्द फारसा रुचत नसे. ग्लास्परच्या ‘ब्लॅक रेडिओ’ या अल्बमला (२०१२) ग्रॅमी मिळालं, तेही आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) विभागात. त्यामुळे मुलं चुकीचं बोलत नाहीत.

फरक मात्र नावापेक्षा ड्रम्समध्ये शोधा. ग्लास्परचाच ‘डबल-बुक्ड’ हा अल्बम (२००९) घ्या. पूर्वार्धात पियानो, बास, ड्रम्स असं त्रिकूट आहे, उत्तरार्धात त्याचा इलेक्ट्रिक संच. पियानोवादक एकच, त्यामुळे काय बदललं ते लख्ख कळतं. स्विंगमध्ये मात्रेचे तीन भाग धरून दुसरा ठोका तिसऱ्या भागावर येतो आणि ठेका राइड या मोठ्या झांजेवर चालतो. नव्या घडणीत मात्रेचे चार भाग होतात, भार किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) यांवर जातो, आणि ३२ बारच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट, बहुधा चार) चालीऐवजी बऱ्याचदा दोन-चार बारचं आवर्तन फिरत राहतं. डेट्रॉइटचा निर्माता जे डिला ड्रम मशीनवर ठोके आपोआप जागेवर न बसवता हाताने वाजवायचा. तो डुलता ठेका पुढे ड्रमर प्रत्यक्ष वाजवू लागले.

ठेका लंगडा पडतो, कारण सगळेच एकदम ठोक्याच्या मागे रेलतात. मग ते नुसतं संथ वाजवणं होतं. एक जण घड्याळाच्या काट्यासारखा सरळ हवा. संगणकावर करून पाहा : वेग मिनिटाला ९० मात्रा, हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) अगदी समान अंतरावर, स्नेअर २० मिलिसेकंद आधी, किक तेवढीच उशिरा. ९० च्या वेगात मात्रेचा चौथा भाग सुमारे १६७ मिलिसेकंदांचा, म्हणजे ही सरक अगदी थोडी आहे. ती ५०-६० वर नेली की ऐकणाऱ्याला चूकच वाटते. हाय-हॅट मुळीच हलवू नका. तिच्यामुळेच बाकीचं डुलणं जाणवतं.

बासवाल्याने दर मात्रेला एक सूर चालवण्याची सवय सोडावी आणि किकसोबत राहावं. आमच्या मते सगळ्यात अवघड हेच, कारण गप्प राहायच्या जागाही त्याला मोजाव्या लागतात.