माळावरची चराई बंद केली तर दुर्मीळ फुलपाखरं टिकतील का?

तुमच्या गावच्या माळाला कुंपण घालून गुरं बंद करावीत का, असं तुम्ही विचारलंय. घाई करू नका. हाच उपाय इंग्लंडमध्ये अंगाशी आला होता.

मी सध्या तिथेच, सॉमरसेटजवळ राहतो. इथे लार्ज ब्लू नावाचं निळं फुलपाखरू आहे. नावात लार्ज असलं तरी पंख पसरून जेमतेम पावणेदोन इंच. मादी रानथाइमच्या कळ्यांवर अंडी घालते (थाइम म्हणजे आपल्या तुळशीच्याच कुळातलं). अळी दोन-तीन आठवडे फुलं खाते आणि मग जमिनीवर पडून वाट बघते. एखादी लाल मुंगी येते, अळीच्या अंगातून पाझरणारा गोड थेंब चाटते आणि आपलंच पिल्लू समजून तिला घरी नेते. तिथे ही बया जवळजवळ दहा महिने मुंग्यांचीच पिल्लं फस्त करते. आयत्या बिळावर नागोबा!

पण तिला कुठल्याही मुंगीचं घर चालत नाही. तिला हवी ती मिर्मिका सॅब्युलेटी, आणि या मुंगीला लागते उन्हाने तापलेली जमीन, म्हणजे अगदी आखूड चरलेलं गवत. ते थोडं वाढलं की खालची माती गार पडते आणि दुसऱ्या जातीची मुंगी जागा बळकावते. फुलपाखरं पकडणाऱ्या हौशी लोकांना अडवायला काही ठिकाणी कुंपणं घातली, त्यात गुरंही बाहेर राहिली. 1950 च्या दशकात साथीने ससे मेले, तेव्हा उरलेलं गवतही माजलं. थाइम होतं, पण मुंगी गेली. कीटकांचे अभ्यासक जेरेमी थॉमस यांनी 1970 च्या दशकात ही मेख शोधून काढली, तोवर फार उशीर झाला होता. 1979 मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नामशेष झालं. मग चराई परत सुरू केली आणि 1983 पासून स्वीडनमधून आणून ते पुन्हा वसवलं.

तेव्हा तुमच्या माळावर नेमकं कोणतं फुलपाखरू आहे, त्याची अळी कशावर जगते, हे आधी बघा. अतिचराई वाईटच, पण शून्य चराई हा त्यावरचा उतारा असेलच असं नाही.

लार्ज ब्लू बघायचं असेल तर जूनमध्ये सॉमरसेटमधल्या कोलार्ड हिल या टेकडीवर या. आभाळ भरलं असेल तर मात्र उगाच टेकडी चढू नका. मी पहिल्या खेपेला तीन तास बसलो आणि दिसल्या फक्त गाई.