नाशिकच्या वायनरीत प्रथमच जाताना

पहिल्या भेटीसाठी जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा काळ निवडावा, कारण तेव्हा गंगापूर धरणाच्या परिसरातील वायनरींमध्ये आंबवण्याच्या टाक्या भरलेल्या असतात आणि चव घेण्याआधी वाइन कशी घडते हे पाहता येते. एका दिवशी दोनच ठिकाणे पुरेशी आहेत. सुरुवात शेनिन ब्लांक किंवा सोविन्यों ब्लांकसारख्या थंड पांढऱ्या वाइनने करून शिराझ या लाल वाइनकडे शेवटी वळावे; आधी लाल वाइन घेतली, तर तिच्या तुरटपणामुळे जिभेला पांढरीतला नाजूक फळगंध जाणवत नाही. प्रत्येक घोटापूर्वी पेला फिरवून वास घ्यावा. घोट थुंकण्याच्या भांड्यात टाकण्यात मुळीच अनादर नाही, जाणकारही तसेच करतात. गाडी मात्र न पिणाऱ्यानेच चालवावी.