सुट्टीतले वाचन: घर आणि नाती यांच्या कादंबऱ्या

मे महिन्याच्या सुट्टीत कुटुंब आणि नातेसंबंध यांवरची कोणती कादंबरी वाचावी, अशी विचारणा अनेक वाचकांनी केली आहे. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न (सोलापूर): सुट्टीचे आठ दिवस हाताशी आहेत. घरातल्या माणसांची गोष्ट वाचायची आहे, पण मालिकांतली कारस्थाने नकोत आणि वाचून मन खचेल असेही काही नको.

उत्तर: आपली पहिली अट पाळणे सोपे आहे. दुसरी तितकी सोपी नाही, कारण मराठीतल्या चांगल्या कौटुंबिक कादंबऱ्या दुःख टाळत नाहीत. मात्र दुःख असलेले प्रत्येक पुस्तक वाचकाला खचवतेच असे नाही. ते बहुतांशी गोष्ट कोण सांगते आहे आणि कोणत्या सुरात, यावर ठरते. म्हणून माझी सर्वच वाचकांना विनंती आहे की, सुट्टीसाठी पुस्तक निवडताना विषयापेक्षा निवेदकाकडे लक्ष द्यावे. पहिली दहा पाने वाचून या माणसाबरोबर आठ दिवस राहायला आवडेल का, हे स्वतःला विचारावे.

गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' (1955) या कसोटीला पूर्ण उतरते. कोकणातल्या एका गावाची उतरती कळा लग्न होऊन त्या गावात आलेली अंबूवहिनी सांगते. माणसे मुंबईची वाट धरत आहेत, घरे ओस पडत आहेत, तरीही तिच्या बोलण्यात सणवार, भांडणे, शेजारपाजार आणि त्या मातीवरची माया इतकी भरून आहे की वाचकाला तिच्या घरी पाहुणा म्हणून उतरल्यासारखे वाटते. ती आवडली आणि सुट्टी शिल्लक असली, तर श्री. ना. पेंडशांची दोन खंडांतली 'तुंबाडचे खोत' (1987) हाती घ्यावी. जगबुडी नदीकाठच्या खोत घराण्याच्या चार पिढ्यांची ही विस्तीर्ण कथा आहे. ती वाचताना एका कागदावर वंशावळ लिहून ठेवल्यास कोण कोणाचा मुलगा, यात अडकायला होत नाही. जवळपास त्याच नावाचा जो भयपट गाजला, त्याच्या कथेचा या कादंबरीशी संबंध नाही, हे नव्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.

प्रश्न (पुणे): आईचे वय 74 आणि माझे 45. दुपारी एकीने मोठ्याने वाचावे आणि दुसरीने ऐकावे, असा आमचा बेत आहे. दोघींना बोलायला विषय मिळेल अशी कादंबरी सुचवाल का?

उत्तर: आपला बेत मला फार आवडला. मोठ्याने वाचण्यासाठी हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी आजही उत्तम आहे. 1890 साली सुरू झालेल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली, त्यामुळे तिची प्रकरणे ठरावीक अंतराने थांबत ऐकण्यास सोयीची आहेत. यमू स्वतःची हकीकत सांगते. माहेरचा धाक, सासरची माणसे, तिला लिहावाचायला शिकवणारा नवरा आणि दुर्गी ही मैत्रीण असा तो संसार पूर्वार्धात कितीतरी ठिकाणी हसवतो. उत्तरार्ध मात्र अतिशय दुःखद आहे, आणि आईंना तो सोसेल का, हे आपण आधी ठरवावे. जुन्या वळणाच्या लांब वाक्यांची अडचण डोळ्यांनी वाचताना जितकी होते तितकी ऐकताना होत नाही.

तरीही दोघींमध्ये खरी चर्चा व्हावी असे वाटत असेल, तर माझी पसंती पेंडशांच्या 'रथचक्र'ला (1962) आहे. या कादंबरीला 1963 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. नवरा घर सोडून गेला आहे आणि मुलांनी शिकलेच पाहिजे या एका हट्टापायी तिची नायिका सासरच्या एकत्र कुटुंबाशी झुंज घेते. लेखकाने तिला नावच दिलेले नाही. सगळीकडे ती 'ती'च आहे, आणि तरी मराठी कादंबरीतल्या सर्वांत ठसठशीत स्त्रियांपैकी ती एक आहे. तिचा हट्ट आईपणाचा की अहंकाराचा, यावर दोन पिढ्यांचे एकमत होण्याची शक्यता कमी आहे. माझ्या मते तो दोन्हींचा आहे आणि पेंडशांना ते ठाऊक होते. दुःख याही कादंबरीत पुष्कळ आहे, एवढी पूर्वसूचना देतो.

प्रश्न (नाशिक): तेरा वर्षांचा मुलगा इंग्रजी माध्यमात शिकतो आणि मराठी पुस्तकाला हात लावत नाही. त्याला कशाने सुरुवात करून द्यावी?

उत्तर: प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास' (1994) या पुस्तकाने. काटेकोरपणे पाहता ती कादंबरी नसून एकाच मुलाच्या सलग कथा आहेत, आणि आपल्या कामासाठी ते सोयीचेच आहे, कारण एका बैठकीत एक कथा पुरी होते. आईवडिलांपासून दूर, सीमाभागातल्या गावात आजी-आजोबांकडे राहणारा लंपन आपल्या खास, कानडी वळणाच्या मराठीत बोलतो. त्याला आकड्यांची अतिशयोक्ती प्रिय आहे आणि 'मॅड' हा शब्द तर तोंडीच बसलेला आहे. पहिली कथा आपण वाचून दाखवावी, अडलेल्या शब्दांसाठी थांबू नये आणि नंतर पुस्तक त्याच्या हाताशी राहू द्यावे. त्याने मागितल्यास पुढे 'शारदा संगीत' आहेच.

प्रश्न (न्यू जर्सी): माझे पती मराठी नाहीत. आम्हा दोघांना एकच कादंबरी आपापल्या भाषेत वाचता येईल का?

उत्तर: सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू'चा जेरी पिंटो यांनी इंग्रजी अनुवाद केला आहे. घरी राहायला आलेल्या एकाच भाडेकरूवर भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करतात. पहिला भाग तनय सांगतो, दुसरा अनुजा, आणि त्या तरुणाचे नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. एकाच छपराखाली राहणारी माणसे एकमेकांबद्दल किती थोडे जाणतात, हे या दोन निवेदनांच्या मधल्या जागेत दिसते. दुसरा पर्याय शांता गोखले यांच्या 'रीटा वेलिणकर'चा. थोरली मुलगी म्हणून घराचा भार वाहणाऱ्या रीटाची ही कथा लेखिकेने स्वतःच इंग्रजीत नेली आहे.

प्रश्न (ठाणे): लग्नाला वीस वर्षे झाली. नवराबायकोच्या नात्यावर काही समंजस, पण उपदेश न करणारे वाचायचे आहे.

उत्तर: मिलिंद बोकील यांची 'समुद्र' ही छोटी कादंबरी वाचावी. सुट्टीसाठी समुद्रकाठी गेलेले एक सुखवस्तू जोडपे आणि त्यांच्यातले बोलणे, एवढाच तिचा ऐवज आहे. तो पुरेसा आहे, कारण बोकील दोघांपैकी कोणालाही दोषी ठरवण्याची घाई करत नाहीत. तिच्यानंतर गौरी देशपांडे यांच्या 'दुस्तर हा घाट' आणि 'थांग' या एकाच पुस्तकातल्या दोन लघुकादंबऱ्या घ्याव्यात. त्यांच्या नायिका आपल्याला पटतीलच असे नाही, पण त्यांच्याशी वाद घालताना स्वतःच्या संसाराविषयीची काही मते तपासून घ्यावी लागतात.