चीक निघतो, मग बेलफ्लॉवर वडाचं नातेवाईक का?

प्रश्न: माझ्याकडे कुंडीत कॅम्पॅन्युला म्हणजे बेलफ्लॉवर आहे, निळ्या घंटेसारखी फुलं येतात. परवा पान तुटलं तर पांढरा चीक आला, अगदी वडासारखा. मग हे वडाच्या जवळचं आहे का? आणि वाढून झाड होईल का?

उत्तर: निरीक्षण मस्त आहे, पण चिकावरून नातं ठरत नाही. वड, रुई, पपई, सगळ्यांना चीक आहे आणि कुळं वेगवेगळी, कारण पानं खाणाऱ्या किड्यांना अडवायची ही युक्ती निसर्गात बऱ्याचदा स्वतंत्रपणे तयार झालीये. तुमच्या कॅम्पॅन्युलाचं खरं जवळचं नातं सूर्यफुलाच्या कुळाशी. दोन्हीकडे मुळांमध्ये स्टार्चऐवजी मुख्यतः इन्युलिन नावाचं वेगळं कर्बोदक साठवलेलं असतं.

आता झाडाचं. मराठीत आपण मोगऱ्यालाही झाडच म्हणतो त्यामुळे गोंधळ होतो, तुम्हाला वृक्ष म्हणायचंय असं धरतो. वृक्षाच्या सालीखाली कॅम्बियमचा पातळ थर असतो, तो वर्षानुवर्षं आतल्या बाजूला लाकूड घालत राहतो म्हणून खोड जाड होतं. कॅम्पॅन्युलाच्या बऱ्याच जाती थंडीत वरून वाळतात आणि जमिनीलगतच्या कोंबांतून परत फुटतात, म्हणजे वरचं खोड साठतच नाही. तुमची कुंडीतली वृक्ष होणार नाही.

पण कॅम्पॅन्युलाच्याच कुळातले लोबेलिया बघा, मला तर ते फार आवडतात! हवाईमध्ये सायानिया नावाचे भाऊबंद आहेत, त्यातल्या काही जाती 9 मीटरच्या वर जातात, लाकडी खोड आणि वर पानांचा झुबका, लांबून माडासारखं दिसतं. किलिमांजारोवरचा लोबेलिया डेकेनी तर पानांच्या गुच्छात पाणी साठवतो, रात्री त्याचा वरचा थर गोठतो आणि त्या बर्फाच्या झाकणाखाली आतला कोवळा कोंब वाचतो. माउंट केनियावरचा लोबेलिया टेलेकी अनेक वर्षं नुसती पानं वाढवतो, मग माणसापेक्षा उंच फुलांचा दांडा काढतो आणि बी धरलं की मरतो. वड दरवर्षी फळतो आणि तरी उभाच, हा फरक मला उंचीपेक्षा मोठा वाटतो.

म्हणजे वृक्ष हे काही एक कुळ नाही, ती वाढायची पद्धत आहे, कुठल्याही कुळात येऊ शकते. तुमच्या कुंडीत फुलं सुकली की दांडे खालून कापा, बुंध्याशी नवे कोंब दिसतील.