फुटाचा भाव आणि नक्षीचा भाव

प्रश्न : मी कराडला राहते, वय 22. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा केला आहे. बाबांचं काच आणि फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे. मागच्या शेडमध्ये सँडब्लास्टिंगचं (हवेच्या दाबाने भुकटीचा मारा करून काचेवर नक्षी उमटवायचं) छोटं मशीन आहे. दिवाळीआधी एका जुन्या वाड्यातले काका आले. त्यांच्या दाराच्या दोन नक्षीदार काचांपैकी एक फुटली होती आणि उरलेल्या काचेसारखी हुबेहूब करून हवी होती. माप 22 बाय 46 इंच. मध्ये फुलदाणी, दोन्ही बाजूंनी चढलेली वेल, कडेने नागमोडी पट्टी. बाबांनी दुधी काचेवरच्या डिझाइनचा नेहमीचा भाव लावला : चौरस फुटाला 250 रुपये, आठ फुटांचे 2,000. काम मी केलं. नऊ दिवस लागले, मध्ये एक काच फुटली. काका खूश आहेत, पण ‘जुनीपेक्षा जरा पांढरी आणि खरखरीत वाटते, बोटांचे डागही पडतात’ असं म्हणाले. आता त्यांच्या शेजारच्या काकूंना तश्शीच काच हवी आहे. बाबा म्हणतात, यात काही राम नाही, कराडात असल्या कामाला कोण विचारतंय, पुण्याला जाऊन 85 हजारांचा यूआय-यूएक्सचा (ॲप-वेबसाइटच्या डिझाइनचा) कोर्स कर. मला काचेचं काम आवडतं. याचं करिअर होतं का? आणि काकूंना भाव काय सांगू? हिशेबाचा कागद सोबत पाठवते आहे.

उत्तर :

तुझ्या पत्रापेक्षा तो हिशेबाचा कागद मी जास्त वेळा वाचला. काच 480, व्हिनाइल (नक्षी कापून काचेवर चिकटवायचा प्लॅस्टिकचा कागद) 300, ब्लास्टिंगची भुकटी आणि वीज 150, लांबी (काच बसवायची पुट्टी) आणि रिक्षा 200. फुटलेल्या काचेपायी पुन्हा 480 आणि 300. एकूण 1,910. हाती राहिले 90 रुपये. आणि खाली, अगदी कोपऱ्यात, तू तास मांडलेस : ट्रेसिंग आणि ड्रॉइंग 14, व्हिनाइल कापणं आणि नको तो भाग उचलणं 6, ब्लास्टिंग 3, फुटल्यावर पुन्हा सगळं 5, दारात बसवणं 3. एकतीस तास. म्हणजे तासाला तीन रुपयेसुद्धा पडले नाहीत. बाबांना यात राम दिसत नाही, तो या आकड्यामुळे. त्यांची चूक म्हणता येणार नाही.

फक्त हा आकडा कामाबद्दल काही सांगत नाही, भाव लावण्याच्या पद्धतीबद्दल सांगतो. बाबांचा 250 चा भाव बाथरूमच्या दाराच्या काचेसाठी बरोबर आहे. तिथे तयार डिझाइनच्या वहीतून गिऱ्हाईक एक चित्र निवडतं, ते आधीच कॉम्प्युटरमध्ये असतं, शंभरदा कापलेलं असतं. तिथे काच विकली जाते, म्हणून भाव फुटावर. 22 बाय 46 म्हणजे खरं तर सातच फूट, पण माप पुढे सरकवून 24 बाय 48 धरायचं आणि आठ फुटांचं बिल करायचं, हा काचवाल्यांचा जुना रिवाज आहे. काकांनी मात्र तुझ्याकडून काच घेतलीच नाही. काच त्यांना कुठेही 480 रुपयांत मिळाली असती. त्यांनी नक्षी घेतली आणि ती तू त्यांना फुकट दिलीस.

आता भाव नव्याने मांडू. आधी तुझा तास केवढ्याचा ते ठरव. महिन्याला 25 हजार हातात यावेत असं धर. शेड, वीज, मशीनची झीज, फोन मिळून 8 हजार. झाले 33 हजार. महिन्याचे कामाचे तास साधारण दोनशे, पण त्यातले निम्मेच विकले जातात. बाकीचे मापं घ्यायला जाण्यात, गिऱ्हाइकाशी बोलण्यात आणि वाट बघण्यात जातात. 110 तास विकले गेले तर तास पडला 300 रुपयांना. फुटलेल्या काचेचे पाच तास सोडले तर काकांच्या कामाचे तास 26, त्याचे 7,800. माल 1,130. यावर काचेची फूटतूट, गिऱ्हाइकाचे ऐनवेळचे बदल आणि नफा यांच्यासाठी 15 टक्के. दहा हजार तीनशेच्या आसपास जातं.

दचकलीस ना? बाबा तर खुर्चीतून उठलेच असतील. पण काकूंचा हिशेब कर. नक्षी तीच, माप तेच. ड्रॉइंगचे 14 तास आता लागणार नाहीत. उरले 12, म्हणजे 3,600. माल 1,130. वर 15 टक्के. 5,500 रुपयांत तुझं पोट भरून काम होतं. दहा हजार आणि साडेपाच हजार यांतला फरक म्हणजे कॉम्प्युटरमधली ती फाइल. ती दोन ठिकाणी जपून ठेव आणि तिच्यावर वाड्याचं, मापाचं, काचेच्या जाडीचं नाव घाल. मी पाहिलेल्या एका दुकानात फाइलींची नावं ‘नवीन’, ‘नवीन 2’, ‘फायनल’, ‘फायनल खरंच’ अशी होती. तिथे प्रत्येक नक्षी दरवर्षी नव्याने काढली जायची.

काकू 5,500 देतील का? कदाचित नाही देणार. म्हणून एकच भाव सांगू नकोस. तीन नमुने समोर ठेव. काचेवर चिकटवायची नक्षीची फिल्म, सगळ्यांत स्वस्त. मग एकाच पोताचं साधं ब्लास्टिंग, नक्षी थोडी सोपी करून. आणि हुबेहूब काम. गिऱ्हाइकाला ‘महाग आहे’ म्हणण्याऐवजी ‘मधलं द्या’ म्हणायची सोय हवी. निम्मी रक्कम आधी घे. फुटलेली काच कोणाच्या खात्यावर, हे पावतीवरच लिही : शेडमध्ये फुटली तर तुझी, दार कलतं म्हणून बसवल्यावर तडकली तर त्यांची. जुन्या दाराची चौकट काटकोनात नसते, म्हणून दोन्ही कर्ण मोजायचे, लांबी-रुंदी तीन ठिकाणी घ्यायची आणि लहानातलं लहान माप धरून आणखी तीनेक मिलिमीटर कमी करायचं. तुझी पहिली काच बसवताना फुटली की उचलताना, ते तू लिहिलं नाहीस. पाच मिलिमीटरची एवढी काच आठ किलो भरते, एकटीने आडवी उचलू नकोस.

काकांच्या तक्रारीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुझं करिअर इथेच ठरणार आहे. जुन्या काचेवरचं काम बहुधा ऍसिडने केलेलं असणार. ऍसिडने खाल्लेला पृष्ठभाग मऊ, रेशमी दिसतो, शिवाय त्यात करड्या-पांढऱ्याच्या दोन-तीन छटा काढता येतात. ब्लास्टिंगमध्ये कण काचेवर आदळून बारीक खळगे पडतात, म्हणून ती पांढरी दिसते आणि हाताला लागते. बारीक दाण्याची भुकटी, कमी दाब, नळी लांब धरून हलका हात, असं केलं की बरंच जवळ जाता येतं. छटांसाठी व्हिनाइल एकदम न उचलता टप्प्याटप्प्याने उचलायचं : आधी उचललेला भाग जास्त वेळ ब्लास्ट होतो आणि दाट पांढरा दिसतो, शेवटी उचललेला फिकट राहतो. हे सगळं मोठ्या काचेवर शिकू नकोस. सहा इंचाचा तुकडा घे, वेलीचं एकच पान त्यावर कर, जुन्या काचेशेजारी खिडकीत धरून गिऱ्हाइकाला दाखव आणि त्यांचा होकार घेऊनच पुढे जा. त्या तुकड्याचेही पैसे लाव. बोटांचे डाग पडतात याचा अर्थ खरखरीत बाजू माणसांच्या हाताशी आली आहे. दारातल्या उरलेल्या जुन्या काचेवर बोट फिरवलं असतंस तर जुन्या कारागिराने ती बाजू कुठे ठेवली होती ते कळलं असतं. आता निदान सीलर (डाग अडवणारा थर) लावून दे.

आणि ‘मग मीच ऍसिड वापरू का’ हा विचार मनात आला असेल तर तो इथेच सोड. काच खाणारं ऍसिड म्हणजे हायड्रोफ्लुओरिक. ते सौम्य असेल तर कातडीवर पडल्यावर लगेच आगही होत नाही, काही तासांनी होते, तोवर ते आत उतरून शरीरातलं कॅल्शियम खेचायला लागलेलं असतं. थोड्याशा भाजण्यानेही जीव जाऊ शकतो. घरामागच्या शेडमध्ये ते नकोच. तयार एचिंग क्रीम मिळतं, त्यातही फ्लोराइडच असतं, हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्यालाही हात लावू नये. ब्लास्टिंगला तुमच्याकडे नदीची वाळू वापरत असतील तर आजच बंद करा. वाळूच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि फुप्फुसं परत मिळत नाहीत. ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरा, पेटी बंद हवी, नाकाला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा.

चौदा तास ट्रेसिंगला गेले, तेही कमी होतील. तू मोबाइलवर फोटो काढून त्यावरून रेषा ओढल्यास आणि वरची फुलं बारीक आली, असं कागदावर दिसतंय. फोन जरा कलला की असंच होतं. काच आडवी ठेव, खाली काळं कापड, वर बटर पेपर ताणून चिकटव आणि थेट एकास एक मापात गिरव. मग तो कागद स्कॅन कर. अर्धी बाजू काढून उलटवायचा मोह होईल. त्याआधी दोन्हीकडची पानं मोज, हाताच्या कामात डावी वेल उजवीसारखी क्वचितच असते. दोन फळ्यांच्या दारात दोन काचा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असू शकतात, तेही बघ. शिवाय जुन्या वाड्यातली अशी नक्षी उतरवायला हरकत नाही, पण कोणी चालू काळातल्या डिझाइनरच्या कामाचा फोटो आणून ‘हेच कर’ म्हणालं तर नाही म्हण. कलाकृतीचा कॉपीराइट आपल्याकडे कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो.

आता करिअर. नुसत्या हुबेहूब काचा करून कराडात वर्षाचं पोट भरेल, असं मी म्हणणार नाही. अशी कामं महिन्याला एखादं येईल. पण ज्याला हुबेहूब जमतं त्याला नवं डिझाइन काढून देता येतं आणि ते काम इंटिरियरवाल्यांकडून, मंदिरांकडून, हॉटेलांकडून येतं. सातारा, कोल्हापूर, सांगली हाताशी आहेत. दाराची किंवा पार्टिशनची नवी काच असेल तर टफन (भट्टीत तापवून मजबूत) करून द्यावी लागेल. टफन केल्यावर काच कापता येत नाही आणि खोल कोरता येत नाही, म्हणून माप आणि नक्षी आधी, टफनिंग नंतर. हा क्रम चुकला की माल गेला. ‘कराडात कोण विचारतंय’ याबद्दल मात्र बाबांना गंमत म्हणून आठवण करून दे : कराडचं रेल्वे स्टेशन ज्या ओगलेवाडीत आहे, तिथल्याच काचेच्या कारखान्याचे प्रभाकर कंदील घरोघरी होते. कारखाना बंद पडला, तो भाग निराळा.

पुढे शिकायचंच असेल तर अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) सिरॅमिक आणि ग्लास डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेश कठीण आहे आणि त्यासाठी आधी पदवी लागेल, तुझा डिप्लोमा पुरतो का ते तपास. काचकामाचं मोठं केंद्र म्हणजे फिरोजाबाद. तिथल्या कारागिरांचं काम आठवडाभर नुसतं बघून ये, असं मी म्हणेन. कोलकात्याची सीजीसीआरआय (केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्था) ही 1950 पासूनची संस्था संशोधनाची आहे, तुझ्या वाटेवरची नाही. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत नाव घालायचा सल्ला कोणी देईल, पण तिच्या 18 व्यवसायांत काचकाम नाही. मुद्रा कर्ज मिळू शकतं, शिशु गटात 50 हजारांपर्यंत. आत्ता घेऊ नकोस. मशीन आहे ते पुरे.

यूआय-यूएक्सच्या कोर्सला मी वाईट म्हणत नाही. तू फाइलीत जी रेषा स्वच्छ ओढलीस तीच तिथेही लागते. पण 85 हजार भरायची घाई आत्ता का? बाबांकडे सहा महिने माग. त्यात सहा कामं या नव्या भावाने कर, प्रत्येकाचे तास असेच कोपऱ्यात न लिहिता वहीच्या पहिल्या पानावर लिही. सहाव्या कामाला तुझा तास 300 ला गेला तर काच चालू ठेव. दीडशेच्या खाली राहिला तर जूनच्या बॅचला पुण्याला जा, शेड कुठे पळून जात नाही. मधे कुठे अडकला तर मला वही पाठव, आपण बघू.

काकूंना भाव कळवण्याआधी एक कर. काकांच्या फुटलेल्या जुन्या काचेचे तुकडे टाकून दिले नसतील तर गोळा करून आण. फुलाचा थोडा भाग असलेला तळहाताएवढा एक तुकडा पुरे, कडा घासून घे. जाडी, छटा, खरखर, सगळं त्यावर मोजता येईल. काकूंच्या पानाचा नमुना त्याच्याशेजारी धर आणि दोन्ही घेऊनच त्यांच्याकडे जा.