प्रश्न वाचकांचे : हंटिंग्टन आजार नेमका कधी सुरू होतो?

प्रश्न : वडिलांना 47व्या वर्षी हंटिंग्टनचं, म्हणजे मेंदूच्या पेशी हळूहळू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, निदान झालं. तोवर ते ठणठणीत होते. आता वाचण्यात आलं, की बिघाड आईच्या पोटातच सुरू होतो. मग इतकी वर्षं मेंदू चालला कसा?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्या प्रथिनात दोष असतो ते हंटिंग्टिन मेंदू घडवायच्या कामातही लागतं. उंदरांमध्ये हे जनुक पूर्ण काढून टाकलं तर गर्भ जन्मापर्यंत पोचतच नाही.

2020 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी 13 आठवड्यांच्या मानवी गर्भांच्या मेंदूचे नमुने तपासले. असे नमुने अर्थातच मोजके मिळतात. त्या वयात मेंदूतल्या द्रवभरल्या पोकळीच्या भिंतीला लागून मूळपेशी दाटीवाटीने उभ्या असतात. विभागायची वेळ आली की पेशीचं केंद्रक सरकत पोकळीच्या कडेला येतं, तिथे विभागणी होते आणि केंद्रक पुन्हा वर जातं. सदोष जनुक असलेल्या गर्भांत हे चक्र बिघडलेलं दिसलं. शेजारच्या पेशींना जोडून ठेवणारी प्रथिनं आपल्या जागेवर नव्हती, आणि बऱ्याच मूळपेशी वेळेआधीच न्यूरॉन (संदेश वाहणारी मेंदूपेशी) व्हायच्या मार्गाला लागल्या होत्या. न्यूरॉन झालेली पेशी पुन्हा विभागत नाही, त्यामुळे घाई झाली की पुढचं भांडवल आटतं.

प्रौढांत याची एक खूण कवटीत सापडते. कवटी मोठी होते ती आतून वाढत्या मेंदूच्या रेट्याने, आणि हे काम लहानपणीच उरकतं. पुढे मेंदू आक्रसला तरी कवटी लहान होत नाही. तरीही लक्षणं सुरू न झालेल्या, सदोष जनुक असलेल्या पुरुषांच्या कवटीतली जागा सरासरी सुमारे 4 टक्के कमी भरली. ही तूट झिजेची असू शकत नाही. मुळात वाढच कमी पडली.

मग 47 वर्षं? मेंदू सावरून घेतो. 2022 च्या एका प्रयोगात सदोष जनुकाच्या उंदरांच्या पिल्लांमध्ये जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) न्यूरॉनांचे संदेश क्षीण होते. पुढच्या काही आठवड्यांत ते सुधारलेही, पण मोठेपणी आजार आलाच. दुसऱ्या एका प्रयोगात तर उंदरांमध्ये सदोष जनुक जन्मानंतर 21 दिवसांपर्यंतच चालू ठेवून मग बंद केलं, तरी पुढे हालचाली बिघडल्या आणि स्ट्रायटममधल्या (मेंदूच्या आतल्या, हालचाली सांभाळणाऱ्या भागातल्या) पेशी झिजल्या.

प्रश्न : माझ्या रिपोर्टात 'सीएजी 41' आहे. सगळं जन्माआधीच ठरलेलं असेल तर या आकड्याला काय अर्थ?

उत्तर : बराच. जनुकात सीएजी ही तीन अक्षरं ओळीने किती वेळा येतात, तो हा आकडा. 26 पर्यंत सामान्य. 27 ते 35 असेल तर त्या व्यक्तीला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत, विशेषतः वडिलांकडून जाताना, आकडा वाढू शकतो. 36 ते 39 मध्ये आजार होईल किंवा होणारही नाही. 40 किंवा त्याहून जास्त असेल तर, पुरेसं आयुष्य लाभलं तर, होतोच. या पट्ट्यात मोजणीत एकाची चूक धरलेली असते, म्हणून 39 आणि 40 यांतल्या फरकावर फार इमले बांधू नका. 41 वरून सुरुवातीचं वय काढायच्या भानगडीतही पडू नका. एकच आकडा असलेल्या दोघांत दहा-वीस वर्षांचा फरक पडतो.

शिवाय हा आकडा रक्ताचा आहे, मेंदूचा नव्हे. दान केलेल्या मेंदूंतली एकेक पेशी तपासून 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की स्ट्रायटमच्या ठरावीक न्यूरॉनांत 40-45 ची ही माळ आयुष्यभर लांबत जाते. आधी अनेक दशकं संथपणे, मग झपाट्याने. साधारण 150 ओलांडली की पेशीचा कारभार कोसळतो. त्याआधी तिच्या जनुकांच्या कामकाजात फारसा बदल दिसत नाही.

हे वर सांगितलेल्या गर्भातल्या बिघाडाशी जुळत नाही, असं काही अभ्यासकांना वाटतं. आमचा कल असा : पेशी मारते ती ही लांबत जाणारी माळ, विकासातल्या उणिवेमुळे तो मारा झेलायची ताकद आधीच कमी असते. स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया या, अशाच लांब माळेमुळे होणाऱ्या तोल बिघडवणाऱ्या आजाराच्या पहिल्या प्रकारातही याला दुजोरा मिळतो. उंदरांमध्ये लहान मेंदूची घडण पूर्ण होईपर्यंत सदोष जनुक बंद ठेवलं, तर मोठेपणीचा आजार बराच सौम्य होतो.

प्रश्न : पत्नीमध्ये सदोष जनुक आहे. मुलगा 9 वर्षांचा, धांदरट, चेंडू झेलता येत नाही. तपासणी करावी का?

उत्तर : निव्वळ एवढ्यावरून, नको. लक्षणं नसताना 18 वर्षांखाली ही तपासणी करू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. ते जाणून घ्यायचं की नाही, हे ठरवायचा हक्क मुलाचा आहे. बालवयातला प्रकार विरळा, बहुधा सीएजी 60 च्या पुढे आणि बहुतेकदा वडिलांकडून आलेला. त्यात मोठ्यांत दिसणाऱ्या झटकेदार हालचालींपेक्षा ताठरपणा, मंदावलेपणा, अभ्यासात घसरण आणि कधी फिट्स दिसतात.

पाहायचं ते एवढंच : आलेलं कौशल्य जातंय का? गेल्या वर्षीची वही काढून आजच्या पानाशेजारी ठेवा. अक्षर पहिल्यापासूनच वाकडं असेल तर गोष्ट वेगळी. सहा महिन्यांत सुटं अक्षर गिचमिड झालं, येणारी सायकल सुटली, बोलणं जड झालं, तर मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा. मग होते ती निदानाची चाचणी, भविष्य पाहण्याची नव्हे.

प्रश्न : आम्हाला दुसरं मूल हवं आहे. गरोदरपणातच औषध देऊन ही उणीव भरून काढता येते का?

उत्तर : आज नाही. वरच्या 2022 च्या प्रयोगात पिल्लांना पहिल्या आठवड्यात संदेश वाढवणारं औषध दिल्यावर मोठेपणीचा त्रास कमी झाला खरा. पण उंदराचा तो आठवडा माणसात साधारण गर्भारपणाच्या शेवटच्या काळाशी जुळतो, आणि गर्भावर असा प्रयोग करण्याइतका आधार अजून नाही. सोनोग्राफीतही हा बिघाड दिसत नाही. तो पेशींच्या पातळीवरचा आहे. "सोनोग्राफी नॉर्मल आहे" यावरून या आजाराबद्दल काहीच कळत नाही.

प्रत्येक मुलाला धोका 50 टक्के, पहिल्याचं काहीही असो. आयव्हीएफमध्ये भ्रूण तपासून रुजवता येतो. नैसर्गिक गर्भधारणेत 11 ते 13 आठवड्यांत वारेचा नमुना किंवा 15 आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येतं. मात्र सदोष निकाल आल्यावर काय करायचं, हे दोघांनी समुपदेशकासमोर आधीच ठरवा. निकाल सदोष आला आणि गर्भ ठेवला, तर त्या मुलाची तपासणी त्याला न विचारता झालेली असते, आणि ती माहिती नंतर पुसता येत नाही.